कुंपणापर्यंत

“कोनी मधी येयाचं नाय. चर्चपर्यंत पापाला खांदा माझाच,” असं आग्नेलने घरातच भाऊबंदांना बजावलं होतं. त्यामुळे आता शवपेटीखाली त्याचे पाय थरथरताना सगळे बघत होते, आणि पुढे मात्र कोणी येत नव्हतं.

एरवी रीत अशी, की थोडं चाललं की मागचा हळूच पुढे येऊन खांदा पालटतो. पण आग्नेलची स्वतःची व्यायामशाळा होती. वजन उचलण्यात तो ठाणे जिल्ह्यात पहिला आलेला.

व्यायामशाळेच्या भिंतीवर स्नायूंचा तक्ता होता. त्याचा बाप ॲन्सेल्म, जन्मभर कावडीने केळी नि भाजी बाजारात नेणारा म्हातारा, एकदा त्यापुढे थबकला होता.

“हे तांबडे तंतू संथ, पापा. जोर कमी, पन दिवसभर पुरतात. हे पांढरे, माझे. एका झटक्यात काय पन उचलतील.”

“नि मग?”

“मग लवकर दमतात.”

“म्हंजे मी कोंबड्याची तांबडी तंगडी नि तू पांढरी छाती,” म्हातारा म्हणाला. “कोंबडा उडतो झोकात. कुंपनापर्यंत.”

व्यायामशाळेतली पोरं खो खो हसली. दुसऱ्या दिवशी आग्नेलने बापाला सांगितलं, कावड घेऊन व्यायामशाळेवरून जाऊ नकोस, बरं दिसत नाय, मागच्या वाटेने जा. म्हातारा शेवटपर्यंत मागच्याच वाटेने गेला.

आज प्रार्थना म्हणत सगळे मुंगीच्या पावलांनी निघाले होते. उचलताना आग्नेलने असा झटका दिला की बाकीचे तिघे हेलपाटले. वाटेवरच्या क्रूसापाशी मात्र त्याचा गुडघा लचकला, पेटी कलली, आणि आत म्हातारा लाकडावर सरकला. आवाज मोठा नव्हता. खांद्याला कळला.

“बाजूला सर, आग्नेल.”

रोझलिन, त्याची मोठी बहीण. टँकर आला की घराचे हंडे तीच आणायची, व्यायामशाळेचा पिंपही तीच भरायची. बाईमाणसाने खांदा द्यायची गावात चाल नव्हती. फादरांनी पुस्तकातून मान वर केली आणि प्रार्थना पुढे चालू ठेवली.

तिने पदराची घडी खांद्यावर ठेवली आणि ती त्याच्या जागी शिरली. पेटी सरळ झाली.

“दमशील,” तो पुटपुटला.

“दमले तर सांगेन. तुला तेवढं पन जमलं नाय.”

पेटी व्यायामशाळेवरून, पुढच्या रस्त्याने गेली. दारात पोरं हात बांधून उभी होती. आग्नेल एकटाच मागच्या वाटेला वळला.

त्या अरुंद वाटेवर दोन्हीकडची मेंदीची कुंपणं कावडीच्या टोपल्यांच्या उंचीला घासून घासून आत गेली होती.