अर्धा मीटर कमी

“तुम्ही ते बिघडवलंत, मिस्त्री.”

“बाई, मी ते दुरुस्त केलं.”

“मग होडी वाळूत कशी रुतली?”

मिस्त्रींनी जॉबकार्ड पुढे ओढलं. धक्क्यावरच्या या दुकानात होड्यांवरची यंत्रं दुरुस्त करताना एकतीस वर्षांत त्यांनी कार्डाचा एकही रकाना कोरा सोडला नव्हता.

यंत्र: खोलीमापक. होडीच्या तळाखाली पाणी किती, ते काट्यावर दाखवणारं. वय सव्वीस.

तक्रार:

इथे काय लिहिणार, कपाळ? गणिताच्या या निवृत्त बाईंनी गेल्या महिन्यात हे यंत्र नुसतं साफ करायला आणलं होतं. तेव्हाच नव्या यंत्रांच्या नावाने मिस्त्रींचं डोकं फिरलं होतं. फळीवर दुरुस्तीला आलेल्या, रंगीत पडद्याच्या नव्या खोलीमापकांची रांग लागलेली. एकात पाणी शिरलंय, एकाचं बटण आत गेलंय ते वर येत नाही, तिसऱ्याला वर्षही झालं नाही आणि सुटा भाग मिळत नाही, अख्खं नवीन घ्या म्हणे. आणि हा जाडजूड डबा! चार स्क्रू काढले की पोट उघडं. आत सगळं जिथल्या तिथे. मरायचं नावच घेत नाही.

“लेक बाहेर गाडीत बसलीय,” बाई म्हणाल्या. “आणखी एकदा रुतलीस तर होडी विकायची, असा दम देऊन. बावीस वर्षं मी सुकाणू धरतेय, मिस्त्री. एकदा रुतले नाही. हे होते तेव्हा हे रुतायचे, दर उन्हाळ्यात. मी नाही!”

“मी मोजून बघितलंय!” मिस्त्रींचाही आवाज चढला. “शिशाचा गोळा बांधून दोरी सोडली. तुमचा काटा अर्धा मीटर कमी सांगत होता. मागचा स्क्रू फिरवून बरोबर केलं. त्यावर कुणीतरी लाल काहीतरी ओतून ठेवलेलं, खरवडताना नाकी नऊ आले माझ्या.”

“लाल काय?”

डब्याच्या कडेला एक टवका उरला होता. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून तो डोळ्यांजवळ नेला.

“नेलपॉलिश आहे हे. माझं! भावाच्या लग्नाला घेतलं आणि आठवड्यात हरवलं. हे स्वतः पलंगाखाली वाकून शोधत होते.”

स्क्रू हलू नये म्हणून मिस्त्रीही त्यावर रंगाचा थेंब टाकत. आता त्यांच्या लक्षात आलं. काटा चुकलेला नव्हताच, मुद्दाम कमी लावलेला होता.

“बाई, काटा किती खाली येईपर्यंत जाता तुम्ही?”

“शून्याला टेकेपर्यंत. आकडा समोर आहे ना? मग उगाच घाबरून लांबून कशाला वळायचं?”

“हेच तुमच्या साहेबांना माहीत होतं.”

बाई स्टुलावर बसल्या. लगेच उठल्या.

“बावीस वर्षं! मला वाटायचं, मला पाणी कळतं. आणि हा माणूस पाठीमागे स्क्रू फिरवून बसलेला! आता भांडू कुणाशी, त्या फोटोशी?”

“होतं तसं करून देतो. अर्धा मीटर.”

“काय उपयोग? आता मला ठाऊक झालंय. मी मनातल्या मनात अर्धा मिळवणारच.” त्या थांबल्या. “म्हणून हे रुतायचे. ह्यांना ठाऊक होतं.”

बाहेर लेकीने हॉर्न वाजवला.

“तुम्हीच लावा, मिस्त्री. किती कमी, ते मला सांगायचं नाही. मी हातापाया पडले तरी नाही.”

“कार्डावर लिहावं लागतं, बाई.”

“काही लागत नाही.”

मिस्त्रींनी पाठ फिरवली. स्क्रू थोडा फिरवला, विचार केला, आणखी थोडा फिरवला. वर पिवळ्या रंगाचा थेंब टाकला. परीक्षेला बसलेल्या वर्गावर नजर ठेवावी तशा बाई खिडकीतून धक्क्याकडे बघत होत्या.

केलेलं काम: साफसफाई.

काट्यातला फरक:

मिस्त्रींनी पेन उचललं, खाली ठेवलं आणि कार्ड पुढे सरकवलं. बाईंनी तो कोरा रकाना तळहाताने झाकला आणि खाली सही केली.