न रंगलेलं ठिगळ

शिंपीकाम करणाऱ्या मास्तरांनी काठीने वस्त्र रंगाच्या टोपातून उचललं, पाणी निथळू दिलं, परसातल्या दोरीवर पसरलं, आणि मग त्यांची नजर डाव्या बगलेखाली गेली. सगळं वस्त्र झाडाच्या सालीच्या तांबूस रंगात छान मुरून निघालं होतं. फक्त एक ठिगळ, तळहाताएवढं, होतं तसंच राहिलं होतं. पांढरं, आणि त्यावर निळी फुलं.

"मेलो," मास्तर म्हणाले.

काय झालं म्हणून त्यांची थोरली बहीण, आक्का, दारात आली. तिने फुलं बघितली आणि लगेच ओळखली. भावजयीचा गाऊन. मास्तरांची बायको जाऊन वर्षं लोटली होती, पण तो गाऊन घालून ती याच परसात कपडे वाळत घालायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांची मुलगी टेकडीवरच्या मठात दीक्षा घेणार होती. तिथलं वस्त्र असंच बनायचं, पहिल्यापासून. मठाची पहिली बाई अंगावरच्या चिंध्यांनिशी आली तेव्हा गावाने घरोघरचे तुकडे दिले. श्रीमंताचा कुठला, गरिबाचा कुठला हे दिसू नये म्हणून तिने ते जोडून एकाच रंगात बुडवले. तेव्हापासून तुकडे दुसऱ्यांच्या घरचे. स्वतःच्या घरचा एकही नाही, कारण घर सोडायचं असतं. आणि एकदा रंग चढला की वस्त्राला ना सुई लावायची, ना कात्री. लावावी लागली तर वस्त्र बाद, आणि दीक्षा पुढच्या वर्षावर.

हे सगळं मास्तरांना तोंडपाठ होतं. तरी त्यांनी तिच्या आईच्या गाऊनचा एक तुकडा लेकीच्या वस्त्राच्या बगलेत लपवला होता. सगळं एका रंगाचं होणार, कोण बघतंय!

"सुती नव्हता का रे तो?" आक्काने विचारलं.

तीच तर गंमत. बायकोने बाजारातून तो गाऊन आणला तेव्हा शपथेवर सांगितलं होतं की शुद्ध सुती आहे. स्वस्तातलं पॉलिस्टर आणलंय म्हटलं असतं तर मास्तरांनी आठवडाभर भाषण दिलं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. बाकी सगळ्या तुकड्यांचा एकेक दोरा मास्तरांनी काडी लावून जाळून बघितला होता. सुती असेल तर राख होते, नाहीतर गोळी होते, आणि गोळी झालेल्या कापडावर हा रंग चढत नाही. हा एकच दोरा जाळायला त्यांचा हात झाला नव्हता.

आक्काने बुटाचं पॉलिश सुचवलं. डोकं ठिकाणावर आहे का, असं तिला झापून मास्तर आत गेले आणि पॉलिशची डबी उघडून रंग जुळतो का बघून आले. जुळत नव्हता.

वस्त्र बाद होण्याची भीती होतीच, पण खरी भीती निराळी होती. मुलगी घर सोडून गेली ती भांडून. उंबरा ओलांडलास तर तोंड दाखवू नकोस, असं मास्तर बोलून गेले होते. तीही त्यांचीच लेक. मैत्रिणीकडे जाऊन तिचे कपडे अंगावर चढवले, स्वतःचे पिशवीत भरून घरी परत पाठवले, आणि मगच मठाची पायरी चढली. त्यानंतर कितीतरी महिने बोलणं नाही. शेवटी मास्तरांनी निरोप धाडला की वस्त्र मी शिवीन. माफी मागायची त्यांना तेवढी एकच रीत येत होती. उलट निरोप आला, "चालेल." आता वस्त्र बाद झालं, तर बापाने मुद्दाम घाण केली असंच तिला वाटणार. तिच्या जागी ते असते तर त्यांनाही तेच वाटलं असतं.

दुपार कलायच्या आत पुढच्या दाराची कडी वाजली. मठातल्या थोरल्या ताई स्वतः आल्या होत्या. वस्त्र न्यायला त्या यायच्या होत्या संध्याकाळी. मास्तर घाईघाईने वस्त्राची घडी घालू लागले, पण ओलं कापड कसलं ऐकतंय! ताई थेट परसात आल्या, त्यांनी वस्त्र हातात घेऊन शिवण बघितली, छान म्हणाल्या, आणि बाही उचलली.

मग मास्तरांनीच सगळं सांगून टाकलं. गाऊन कुणाचा, ठिगळ कुणी लावलं, मुलीला यातलं काहीही माहीत नाही. दोष माझा आहे, तिचं वर्ष वाया घालवू नका, असं म्हणाले.

"कात्री आणा," ताई म्हणाल्या.

मास्तरांनी आणली. ताईंनी कापडाला धक्का न लावता ठिगळाचे टाके एकेक करून कापले. ठिगळ सुटलं. खालच्या कापडावर रंग नीट चढलेला होता. मग त्यांनी गळ्याची दुहेरी पट्टी चिमटीत धरली आणि तिचीही शिवण मागच्या बाजूने बोटभर उसवली.

"पट्टी दुहेरी का असते, मास्तर?"

"घामाने विरू नये म्हणून."

"आम्हीही लोकांना तेच सांगतो. सुई लावायची नाही हेसुद्धा सांगतो, म्हणजे कुणी उघडून बघत नाही." त्या ओट्यावर बसल्या. दीक्षेच्या आदल्या दिवशी, प्रत्येकीने मठात येताना घातलेल्या घरच्या कपड्याचा तुकडा या पट्टीत जातो, असं त्यांनी सांगितलं. मठाच्या पहिल्या बाईपासून. "काय सोडलं ते गळ्याशी असावं लागतं. नाहीतर बाई नुसती पळून आली असं होतं."

मास्तरांनी उसवलेली पट्टी बोटाने चाचपली.

"तुमची मुलगी दुसऱ्याच्या कपड्यात आली. घरचा तुकडा म्हणाल तर काही नाही. तोच मागायला मी लवकर आले. वाटभर विचार करत होते की तुम्ही दार तरी उघडाल का."

आक्का मोकळेपणाने हसली. मास्तरांना हसावं की रडावं कळेना. ते ओट्यावर टेकले आणि त्यांनी दोन्ही केलं. छातीवरचा धोंडा असा उतरला की नुसता श्वास घेणंसुद्धा त्यांना चैनीचं वाटलं.

नंतर त्यांनी ठिगळाच्या कडा निगुतीने दुमडल्या, ते उसवलेल्या पट्टीत सरकवलं आणि शिवायला सुई उचलली. ताईंनी त्यांचा हात थांबवला.

"हे जिचं तिने शिवायचं. आज संध्याकाळी, आम्हा सगळ्यांसमोर. तिला येतं ना?"

"शिंप्याची पोर आहे," मास्तर म्हणाले. "साधं बटण लावता येत नाही."

त्यांनी रिळातला तांबूस दोरा लांब ओढून तोडला, सुईत ओवला, टोकाला गाठ मारली आणि सुई पट्टीत अडकवून वस्त्र ताईंच्या हातात दिलं.

"बाबांनी सुई ओवून दिलीय म्हणावं."