रक्ताळलेली नोट

"लाल झाली! अवं बाई, नोट लाल झाली!"

पारावर बोंब उठली आणि विजयमाला गर्दीतून पुढे सरकली. चार दिवसांपूर्वी गावात आलेल्या चिमटेबाबाने एका बाईच्या नोटेला हळद चोळली, वर तांब्यातलं तीर्थ शिंपडलं, आणि खरोखरच रक्तासारखे डाग उमटले.

"सरकारचा फुकटचा पैसा हाये हा!" बाबा गरजला. "लक्ष्मी कोपली, म्हून तेल महागलं, डाळ महागली. घरात ठेवसान तं लेकरू हातचं जाईन! टाका माह्या झोळीत!"

लक्ष्मी कोपली खरी, पण बाबाच्या झोळीत बसायला तिची काही हरकत दिसत नव्हती!

विजयमालेच्या पदरात तसलीच नोट होती, बायकांच्या खात्यात दर महिन्याला येणाऱ्या सरकारी पैशातली. त्याच पैशातून ती लेकीसाठी, खुशीसाठी, दम्याचा पंप आणायची. सकाळपासून पोरीची छाती वाजत होती आणि पंप संपत आलेला. नोट झोळीत टाकली तर पंप कुठून आणायचा? आणि नाही टाकली अन् बाबाचं खरं निघालं तर? तिने पदराची गाठ सोडली.

"थांब वं विजू." शाळेच्या दीपा मॅडम पुढे आल्या. "बाबा, ही माही नोट. पगाराची हाये. इले तं काही होनार नाही नं?"

"कष्टाचा पैसा शुद्ध असते," बाबा बोलून गेला आणि तांब्या मागे सरकवू लागला. मॅडमनी तो उचललाच. हळद चोळली, तीर्थ शिंपडलं. नोट लालभडक!

"चुन्याची निवळी हाये ही," मॅडम म्हणाल्या. " ओवाळाचं लाल पानी घरी कशाचं करता वं तुमी?"

"हळद न् चुना," विजयमालाच पुटपुटली. मग भीतभीत म्हणाली, "पन मॅडम, तेल तं खरंच महागलं नं?"

"महागलं. गावात किराना एकच, प्रफुल्लचा. पैसे आले की साऱ्या बाया एकाच दिवशी तेल भरतेत. माल तेवढाच, म्हून तो भाव चढवते. बाजूच्या बाभुळगावले दुकानं चार, तं तेच तेल जुन्या भावानं भेटून राह्यलं. देशाचंही असंच हाये. हाती पैसा आला अन् माल नाही वाढला, तं भाव चढते. मालही वाढला, तं नाही चढत. पीक बुडालं, डिझेल महागलं, तरी चढते. यात कोप कुठं हाये?"

"अन् बाबाले चार दिसापासून जेवू कोन घालून राह्यलं?" मागून कोणीतरी विचारलं. साऱ्यांच्या माना पारासमोरच्या प्रफुल्लच्या दुकानाकडे वळल्या. भाव त्याने चढवायचे आणि खापर लक्ष्मीच्या कोपावर! त्याने घाईघाईने शटर ओढलं.

विजयमालेने देवाचं नाव घेत गाठ पुन्हा बांधली. भीती काही एका दुपारीत जात नाही हो! पण तशीच ती एसटीत चढली आणि बाभुळगावहून पंप घेऊन आली.

भाव चढले तर जरूर विचारा, दुकानदाराला विचारा, सरकारलाही विचारा. फक्त लेकराचं औषध कोणाच्या झोळीत टाकू नका.