दोन बहिणींनी विणलेला गालिचा

मित्रांनो, मी एक जुना गालिचा आहे. तुर्कस्तानातला, तोही खेड्यातला. वय सव्वाशेच्या पुढे. फार दमलो आहे, म्हणून थोडक्यात सांगतो.

कोन्या शहराजवळच्या एका घरात माझा जन्म झाला. लोकर घरच्या मेंढ्यांची, लाल रंग मंजिष्ठेच्या मुळांचा. नक्षी कागदावर नव्हती, डोक्यात होती. घरातल्या दोन बहिणींपैकी थोरलीनं माझ्यावरचा पहिला अष्टकोन विणला आणि ती लग्न होऊन सासरी गेली. दुसरा धाकटीनं विणला. थोरलीच्या नक्षीची टोकं आत वळलेली, धाकटीची बाहेर. गावात कुणी तक्रार केली नाही.

पुढे बऱ्याच हातांतून फिरत इंग्लंडमध्ये वॉटफर्डला रघुवीर आणि श्यामलाताईंच्या घरी आलो. पस्तीस वर्षं फ्रंट रूममध्ये पडून राहिलो. पाहुणे "काय सुंदर गालिचा" म्हणत आणि माझ्यावर चिवडा सांडत. हळदीचा एक डागही आहे. पूजेतला असल्यामुळे घरात त्याला डाग म्हणत नाहीत.

यंदा दोघांनी छोट्या फ्लॅटमध्ये जायचं ठरवलं. तिथे मी मावत नाही. लेक ईशानी ब्रिस्टलला, मुलगा यतीन ब्रॅकनेलला, आणि मी दोघांनाही हवा. जन्मात पहिल्यांदा मला एवढी मागणी आली. रविवारी दोघं मुलं आली, तेव्हा रघुवीरांनी टेप, खडू आणि कार्पेट कापायचा चाकू आणला आणि माझ्या पोटावरून सरळ रेघ ओढली.

"अहो, हे काय करताय?" श्यामलाताईंनी विचारलं.

"वाटणी. दोन अष्टकोन, दोन मुलं. सेंटिमीटरचा फरक निघाला तर सांग."

"गालिचा आहे तो, ढोकळा नव्हे."

"एका कपाटावरून मी आणि दादा अकरा वर्षं बोललो नाही. ह्यांचं तसं नको."

क्षणभर मलाही पटलं.

ईशानी गुडघ्यांवर बसली. "बाबा, थांब. हे दोन सेम नाहीये. इकडचे टोकं आत, तिकडचे बाहेर."

"सेमच आहेत. मी मोजलंय."

"मोजलं, पण बघितलं नाही. हे दोन वेगळी बाईने केलंय. मग हाफ-हाफ इक्वल कसं?"

यतीन वाकून पाहत म्हणाला, "ट्रू. मग मला आतवाला हवा."

"तो मलापण हवाय," ईशानी म्हणाली.

"मी फर्स्ट म्हटलं."

रघुवीरांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि चाकूचं पातं मुकाट्यानं आत सरकवलं.

आता मी सहा महिने ब्रिस्टलला असतो, सहा महिने ब्रॅकनेलला. मधला प्रवास गाडीच्या डिकीत. कंबर मोडते, पण राहतो अखंड.

मित्रांनो, हातानं केलेली वस्तू मोजण्याआधी नीट बघा. तिला फार उन्हात टाकू नका, झटकताना आपटू नका. गुंडाळा, पण घडी घालू नका. एवढं केलंत तर मी अजून पन्नास वर्षं काढीन. हौस आहे असं नाही, पण काढीन.