न बांधलेल्या बोटीत

आमच्या नव्या बोटीचा एक पत्राही अजून कापला नव्हता, तरी त्या दिवशी आम्ही तिघं तिच्यात फिरायला गेलो होतो. फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेल्या खाडीच्या, तोंडाशी असलेल्या गोदीत आता ही रीतच झाली आहे. डोळ्यांवर तो जाडजूड चष्मा चढवायचा, कॉम्प्युटरमधल्या बोटीत हिंडायचं आणि काय हवं, काय नको ते सांगायचं. चष्मा घातलेल्याला जे दिसतं तेच भिंतीवरच्या पडद्यावर बाकीच्यांनाही दिसतं, म्हणजे भांडायला सगळे मोकळे.

भांडायला खरं तर मीच गेले होते. बोट माझा नवरा हाल्वार चालवतो, पण धंदा मी बघते, आणि मला माशांची कोठी मोठी हवी होती. त्यासाठी खलाशांच्या झोपायच्या खोल्या डेकखाली, अगदी पुढच्या टोकाला ढकलायच्या होत्या. जुन्या बोटीतही त्या तिथेच होत्या. हाल्वार यावर हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. जुन्या बोटीचं नाव निघालं की तो मूग गिळून बसतो. ती उत्तरेच्या समुद्रात उलटली, तेव्हा त्याचा धाकटा भाऊ अस्लाक खालच्या खोलीत झोपला होता. हाल्वार परत आला, अस्लाक नाही. खाली काय घडलं ते त्याने कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आमच्याकडे असलं काही विचारत नाहीत, कॉफीचा कप पुढे करतात.

आता नव्या बोटीवर आमची तिरिल जाणार होती. एकुलती एक मुलगी, आणि बापासारखीच हट्टी. वरून मी तिची थट्टा करत होते, पण आतून तिने जाऊ नये असंच वाटत होतं.

“मी आधी,” तिरिल म्हणाली. “बाबा चष्मा घालून भिंतीवर आपटेल, आणि आई गोदीकडे भरपाई मागत बसेल.”

“मागेनच,” मी म्हणाले.

बोटीचा आराखडा करणारी मारित आमच्याच बेटावरची. तिने तिरिलच्या डोक्यावर चष्मा बसवला. पडद्यावर सुकाणूची खोली आली, जेवायची जागा आली, मग अरुंद जिना. तिरिल भराभर खाली उतरली. डेकखाली, मला हवी होती तिथेच, एका ओळीत चार दारं. तिने शेवटचं उघडलं.

“ही माझी. मारित, उशाशी फोन चार्जिंगला लावायला जागा दे हं.” आणि ती खऱ्या खोलीतल्या कार्पेटवर चक्क आडवी झाली. पडद्यावर छत दिसायला लागलं.

हाल्वारने हातातला रिकामा कप खाली ठेवला. “मारित, यात दिवे घालवता येतात?”

“येतात.”

“आणि बोट आडवी पाडता येते?”

मारितने माझ्याकडे पाहिलं. “येते. पण लोकांना गरगरतं, हाल्वार. उलटीसुद्धा होते.”

“पाड.”

पडदा काळा झाला. एका हिरव्या दिव्याच्या उजेडात सगळं फिरलं आणि कुशीवर पडलं. भिंत खाली गेली, दार छताला.

“बाबा, हा काय चावटपणा,” तिरिल हसत म्हणाली. मग तिचे हात हवेत चाचपडायला लागले. “दार कुठे गेलं? मगाशी तर इथेच होतं.”

“डोक्यावर बघ,” हाल्वार म्हणाला. “खाली नको जाऊ. खाली पाणी आहे.”

पडद्यावर पाणी नव्हतं. मारितने ते घातलंच नव्हतं.

“कुठलं पाणी?” तिरिलचा आवाज बदलला होता.

“कमरेपर्यंत आलंय. हात वर कर. मी इथे जिन्यात आहे. अजून वर कर, पोरा.”

त्याने आमच्या मुलीला आजवर कधी पोरा म्हटलं नव्हतं. तो वाकून भिंतीकडे हात लांब करत होता. मला भीती वाटली, तिरिलची नाही, त्याची. वाटलं की हा माणूस आत्ता माझ्यासमोर तिकडे निघून जाईल आणि मला त्याला धरता येणार नाही.

तिरिलने चष्मा ओढून काढला. घामाने भिजली होती. “मला नाही जमत. सापडतच नाही दार.”

हाल्वार पडद्याकडेच बघत होता. “बोटं लागली होती माझ्या हाताला,” तो म्हणाला. “बोटांनी पकडता येत नाही गं. मनगट लागतं.”

पुढे करायला माझ्याजवळ कॉफी नव्हती.

“मारित,” मी शेवटी म्हणाले, “खोल्या डेकच्या वर घे.”

“वर वजन वाढलं की तोलासाठी कोठी खूपच लहान करावी लागेल.”

“होऊ दे.”

तिरिलने चष्मा पुन्हा उचलला. “वर घे, पण कामाला मला खाली जावंच लागणार. दिवे घालव, मारित. बाबा, तू बोलत राहा.”

मला नको म्हणायचं होतं.

पुन्हा अंधार झाला. या वेळी हाल्वार पडद्यापाशी गेला नाही. तिच्याशेजारी कार्पेटवर गुडघे टेकून बसला आणि सांगत राहिला, डावीकडे, आता पाय भिंतीवर दे, आता वर. तिने हात वर केला आणि त्याने तिचं मनगट धरलं.

“निघाले मी, बाबा,” थोड्या वेळाने तिरिल म्हणाली. चष्मा काढून ती त्याच्याकडे बघत होती. “बाहेर आले. सोड आता.”

त्याने सोडलं नाही.