ओ कुणी द्यायची

महेश्वरीला सासर चांगलं मिळालं, हे तिच्या माहेरी तामलवाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच तर तिची पंचाईत झाली होती. वाईट सासूची तक्रार करायला गेलं की चार बाया कान टवकारून बसतात. चांगल्या सासूची तक्रार केली तर आपल्यालाच वेड्यात काढतात.

आणि पार्वतम्मा खरोखर चांगली होती, त्यात काही खोट नाही. बाळंतपणाची रजा संपून महेश्वरी पुन्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायला जाऊ लागली, तेव्हा या बाईनं नात अशी काही उचलून घेतली की बघत राहावं. शिवप्रियाचं तेल-मालीश, न्हाणं, धुरी, नाचणीची पेज, दुपारची झोप, सगळं तिच्याकडं. वर सकाळी सुनेचा डबा भरून तयार. "तू जा गं निवांत, मी हाय की," म्हणायची. आता अशा बाईला काय नाव ठेवणार? बोला!

पण एक गोष्ट अशी होती की तिच्यापायी महेश्वरीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पार्वतम्मा पोरीपुढं स्वतःला आई म्हणवून घ्यायची.

"बा, आयी कडी बा," असं म्हणत दोन्ही हात पसरून ती रांगत्या शिवप्रियाला बोलवायची. उमरग्याच्या त्या घरात निम्मं बोलणं कानडीतून चालायचं. सासरे महालिंगप्पा आडतीवर बसले की समोरचं गिऱ्हाईक बघून भाषा बदलायचे, आणि घरी आल्यावर कुठली बोलतोय ते त्यांच्या ध्यानातही राहायचं नाही. महेश्वरीच्या माहेरी मात्र मराठीशिवाय शब्द नव्हता. लग्नानंतर तिला कानडी आली ती कामापुरती. बा म्हणजे ये, ब्याड म्हणजे नको, हालू म्हणजे दूध. तेवढ्यावर तिचं भागून जायचं. पण 'आई' कळायला कानडी कशाला यायला पाहिजे?

बरं, या बाईला हाक मारायला घरात दुसरा शब्द नव्हता असंही नाही. नवरा शिवपुत्र तिला अव्वा म्हणायचा. महेश्वरीही लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून अव्वाच म्हणत आली होती. मुलाची अव्वा झाली, सुनेची अव्वा झाली, आता नातीची आई पण हिलाच व्हायचंय का, असं महेश्वरी मनातल्या मनात रोज म्हणायची. तोंडानं मात्र, "अव्वा, डबा घेतला, येते मी."

आणि एक दिवस पोर तेच बोलली. सकाळची गडबड होती, महेश्वरी आरशापुढं साडीला पिना लावत होती, पार्वतम्मा चुलीवरचं दूध बघत होती. शिवप्रिया पलंगाच्या पायाला धरून उभी राहिली आणि स्वच्छ म्हणाली, "आयी."

महेश्वरी पिन तोंडात तशीच धरून धावली. पण पार्वतम्मा स्वयंपाकघरातून तिच्या आधी पोचली, पोरीला उचललं, मुके घेतले, आणि बाहेर ओट्यावर जाऊन मोठ्यांदा सांगितलं, "अहो, ऐकलं का? मला हाक मारली! आयी म्हणाली मला!" महालिंगप्पांनी आडतीवर जाता जाता पेढे आणून ठेवले. पेढा महेश्वरीच्याही हातावर ठेवला गेला आणि तिनं तो खाल्ला, न खाऊन सांगते कुणाला. आत दूध उतू गेलं होतं, तेही तिनंच पुसलं.

शाळेत त्या दिवशी तिचं कशातच लक्ष नव्हतं. फळ्यावर बेरजा घातल्या आणि वजाबाकीची उत्तरं मागत बसली.

घरी आल्यावर तिनं शिवपुत्राला गाठलं. "तुमच्या अव्वा पोरीला आई म्हणायला शिकवतात. स्वतःला."

तो मोबाईलवर हरभऱ्याचा भाव बघत होता. "मग? आपल्यात तसंच म्हणतात."

"तसंच म्हणतात?" महेश्वरीनं त्याच्या हातातला मोबाईल खाली केला. "आणि मला काय म्हणायचं मग तिनं?"

"तुला म्हणतीच की ती. कधीपासून म्हणती. तू पण काय बारीकसारीक धरून बसतीस गं." आणि आडतीतून बोलावणं आलं म्हणून गेला निघून. नवरा लोकांना बरोबर अशाच वेळेला बोलावणं येतं.

कधीपासून म्हणती म्हणे! काय म्हणती? मम म्हणायची, भूभू म्हणायची, आणि एक अव्वा म्हणायची. अव्वा म्हणजे आजी, बापाचं ऐकून ऐकून शिकली असणार, एवढं न कळायला महेश्वरी काही दुधखुळी नव्हती. संध्याकाळी तिची स्कूटी दारात लागली की पोर रांगत उंबऱ्याशी यायची आणि "अव्वा, अव्वा" करून घर डोक्यावर घ्यायची. महेश्वरीला वाटायचं, कुणीतरी आलंय म्हणून आजीला वर्दी देतेय. हेल्मेट काढत ती म्हणायची, "अव्वा आत हाय. जा, अव्वाकडं जा." आणि तशीच मोरीकडं वळायची, कारण रस्त्याची धूळ घेऊन आलेले हात पोरीला कसे लावायचे? हातपाय धुऊन येईपर्यंत शिवप्रियानं भोकाड पसरलेलं असायचं आणि पार्वतम्मानं तिला काखेला मारलेलं असायचं. मग महेश्वरीनं हात पुढं केले तरी पोर मान फिरवायची. मग रात्री महेश्वरीला जेवण जायचं नाही. नोकरी सोडावी, असंही तिच्या मनात दोनदा येऊन गेलं. आपली पोर आपली राहिली नाही, एवढंच तिला दिसत होतं.

शेवटी तिनं आपल्या आईला, जगदेवीला, फोन लावला आणि फोनवरच रडायला लागली. जगदेवी जिभेनं जरा तिखटच. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "रविवारी अणदूरला येताव न्हवं पोरीला देवाच्या पायावर घालायला? मी पण येती. तू काय बोलू नको. मी बघती विहीणबाईंकडं."

ते 'मी बघती' ऐकून महेश्वरीला बरंही वाटलं आणि धडकीही भरली.

रविवारी सकाळी सगळे गाडीत बसले. पोरीला लांब न्यायची ही पहिलीच वेळ, तेव्हा सामान असं की कुणाला वाटावं बिऱ्हाड हलवलं. दुपटी, टोपडं, गरम पाण्याचा थर्मास, उकडलेला बटाटा, खुळखुळा, आणि दृष्ट काढायला पुडीत मीठ-मोहरी, ती पार्वतम्माची. पोरीच्या गालावर एवढी मोठी तीट लावलेली. हायवेवर ट्रकनं हॉर्न दिला की शिवप्रिया टाळ्या वाजवायची आणि पुढचा ट्रक येईपर्यंत चुळबुळ करायची. येणेगूर मागं पडल्यावर ती झोपली, अर्थात आजीच्या मांडीवर. महेश्वरी खिडकीतून बाहेर बघत बसली.

अणदूरला देवळाबाहेर जगदेवी आधीच येऊन थांबलेली होती. देव वर्षातून काही काळ शेजारच्या गावी मुक्कामाला जातो, पण त्या दिवसांत तो अणदुरातच होता, त्यात रविवार, त्यामुळं गर्दी होती. तरी दर्शन नीट झालं. पुजाऱ्यानं पोरीला देवाच्या पायावर घातलं, कपाळाला भंडारा लावला, शिवप्रिया शिंकली, आणि मागच्या कुणीतरी येळकोट म्हणून घेतलं. भंडारा उधळला गेला तेव्हा सगळे पिवळे झाले. महालिंगप्पा ओळखीचा कोण व्यापारी भेटला म्हणून त्याच्याशी बोलत उभे राहिले, शिवपुत्र पोरीला शेळ्या दाखवायला घेऊन गेला, आणि लिंबाच्या सावलीत तिघी बाया डबे सोडून बसल्या. धपाटी होती, दही होतं, जगदेवीनं आणलेली शेंगाचटणी होती.

जगदेवीनं धपाट्याचा पहिला तुकडा मोडला आणि सुरुवात केली. "विहीणबाई, एक विचारू का? पोरीनं आई कुणाला म्हणायचं?"

महेश्वरी उगीच दह्याचा डबा उघडायला लागली.

"आयी?" पार्वतम्मा म्हणाली. "मलाच की. आणखी कुणाला?"

"तुम्हाला!" जगदेवीचा आवाज चढला. शेजारच्या पंगतीतल्या बाया वळून बघायला लागल्या. "अहो, नऊ महिने पोटात हिनं वागवली, कळा हिनं सोसल्या, आन आई तुम्ही? लाज वाटायला पाहिजे हो जरा! लेकराला काय शिकवताव?"

"असं काय बोलताव, आक्का?" पार्वतम्मा गोंधळून गेली. "बापाच्या आईला आयीच म्हणत्यात न्हवं? मी माझ्या आजीला आयीच म्हणायची. आयी आन मुत्त्या, आजी आन आजोबा. आमच्या कानडीत तसंच हाय."

जगदेवीचा हात चटणीतच राहिला. "आयी म्हंजे आजी?"

"मग काय तर!"

"आन... आईला काय म्हणत्यात मग?"

"अव्वा," पार्वतम्मा म्हणाली. "माझं पोरगं मला अव्वा म्हणतंय ते काय उगंच? मी शिवपुत्राची अव्वा. त्या पोरीची अव्वा ही." आणि तिनं महेश्वरीकडं बोट केलं.

जगदेवी आधी लेकीकडं बघत राहिली, मग कपाळावर हात मारून तिला असं हसू फुटलं की ठसका लागला. "अगं बया! माफ करा हो विहीणबाई. काय पण येड्यावानी बोलले मी! आगं महेश्वरी, नवऱ्याला तरी विचारायचं होतंस!"

"विचारलं होतं," महेश्वरी कशीबशी म्हणाली. "ते म्हणाले, आपल्यात तसंच म्हणतात."

"खरंच बोललं की गाढव," पार्वतम्मा म्हणाली. पण ती हसत नव्हती. धपाटं खाली ठेवून ती सुनेकडं बघत होती. "म्हंजे तुला ठावंच नव्हतं? खरं सांग."

"नव्हतं, अव्वा," महेश्वरी म्हणाली.

"अगं माझ्या शिवा!" पार्वतम्मा म्हणाली. "दुपारभर मी तिला तुझा भिंतीवरचा फोटो दाखवती. ही बघ अव्वा, अव्वा शाळेत गेली, अव्वा येणार, असं. तेच आधी शिकली पोर, माझं नाव नंतर. गाडीचा आवाज माझ्या आधी तिला ऐकू येतो. हातातलं टाकून दाराकडं पळती, अव्वा अव्वा करत. आन तू रोज म्हणतीस, अव्वा आत हाय, जा! मला वाटायचं, दमून येती बिचारी, पोर नको वाटत असंल हिला. विचारायचा धीर झाला न्हाय बघ. म्हणलं, आपण बोलावं आन सुनेला टोचावं कशाला. पोर रडायची तवा मला पण लई वाईट वाटायचं गं."

आता सगळ्या संध्याकाळी महेश्वरीच्या डोळ्यांपुढं आल्या. उंबऱ्याला धरून उभी राहिलेली पोर, वर केलेले हात, "अव्वा, अव्वा". ती आजीला वर्दी देत नव्हती. दिवसभर वाट बघून आईला हाक मारत होती, आणि आईच तिला हातानं परत पाठवत होती. रोज! मान फिरवेल नाही तर काय करेल लेकरू? महेश्वरीला रडू आवरेना. आपण सासूला चोर ठरवत बसलो आणि तिनं मात्र रोज आपलंच नाव पोरीच्या तोंडात घातलं, याची तिला इतकी लाज वाटली की मान वर करता येईना.

"अव्वा, मला..." ती म्हणायला गेली.

"राहू दे, राहू दे. जेव आधी," पार्वतम्मा म्हणाली आणि तिच्या पानात दही वाढलं. जगदेवीनं पदरानं लेकीचं तोंड पुसलं, तर भंडारा आणि काजळ सगळं एक होऊन बसलं.

तेवढ्यात शिवपुत्र शेळ्या दाखवून परत आला. शिवप्रिया त्याच्या खांद्यावरून इकडंतिकडं बघत होती. लिंबाखाली बसलेल्या तिघी तिला दिसल्या तशी ती बापाच्या हातात उसळायला लागली.

"अव्वा!"

महेश्वरीनं सवयीनं मान वळवली आणि पार्वतम्माकडं बघितलं.

"माझ्याकडं काय बघतीस?" पार्वतम्मा म्हणाली. "ओ दे."

महेश्वरीच्या हाताला दही होतं, चटणी होती, भंडारा होता. धुवायला ती काही थांबली नाही. "ओ," ती म्हणाली, आवाज नीट निघेना म्हणून पुन्हा मोठ्यांदा म्हणाली, "ओ! आले गं, आले," आणि तसेच हात पुढं करून उठली.