खुर्च्यांना वारा

अदितीचा फोन आला तेव्हा मी शेवटची गाठ मारत होतो. जूनचा दुसरा आठवडा होता. माझी बायको मनोरमा बारा दिवस वलसाडच्या हॉस्पिटलात होती, मुलगी तिच्याजवळ होती. मी एका सकाळपुरता बोर्डीला घरी आलो होतो, तेही मनोरमानेच पाठवलं म्हणून. वाडीत चिकूखाली तिच्या चार सागवानी खुर्च्या उघड्यावर होत्या आणि पाऊस तोंडावर आला होता.

"पप्पा, आई गेली," अदिती म्हणाली.

मी बरं म्हटलं. गाठ पुरी केली, दोरी ओढून पाहिली आणि वलसाडची बस धरायला गेलो.

डहाणू रोडच्या पार्सल ऑफिसात मी तेहतीस वर्षं काढली. इथल्या कारखान्यांतले फुग्यांचे खोके माझ्या हातून जात. आत दमट हवा गेली की फुगे चिकटतात, म्हणून खोका असा बांधायचा की मुंगीही शिरू नये. मला तेवढंच येतं. खुर्च्या मी तशाच बांधल्या. जाड काळं प्लास्टिक, दोन पदर, खालूनसुद्धा. निघताना मनोरमाने सांगितलं होतं, वरून झाका, खालून मोकळं ठेवा, लाकडाला वारा लागतो. मी हो म्हटलं होतं. माझं लक्ष तिच्या हातात टोचलेल्या सलाइनच्या सुईकडे होतं.

चार महिने मी त्या गाठोड्याकडे गेलो नाही. दसऱ्यानंतर अदितीचा विरारहून फोन आला. मनोरमा वाडीतल्या दोन खोल्या पाहुण्यांना देत असे, तसं दिवाळीला एक कुटुंब यायचं होतं. बाहेर बसायला खुर्च्या आहेत ना, तिने विचारलं. मग मी विळा घेऊन दोरी कापली.

आतून कुबट वाफ आली. लाकूड काळं पडलं होतं, पाठीवर पांढरी बुरशी होती. वाडीत काम करणारी सोनीबाई मागे येऊन उभी राहिली. ती सगळ्यांनाच अरेतुरे करते, मलाही.

"भाऊ, हा पार्सल कोणाला धाडायचा होता?"

मी प्लास्टिक ओढून बाजूला केलं.

"चिकूच्या पेटीलापण भोकं ठेवतात रे. बाईनी सांगला नव्हता तुला?"

"सांगितलं होतं."

तिने वाकून एका पाठीवरची बुरशी बोटाने पुसून पाहिली.

अदितीला फोटो पाठवला. ती म्हणाली, टाकून द्या, प्लास्टिकच्या चार मागवते, धुतल्या की झालं. तिचं चुकत नव्हतं. मी म्हटलं, आठ दिवस थांब.

मनोरमा या खुर्च्या कशा घासायची, तेल कसं लावायची ते मी वीस वर्षं ओट्यावरून पाहिलं होतं, म्हणजे पाहिलं नव्हतं. सोनीबाईला माहीत होतं. साबणाचं पाणी, नरम ब्रश, घासायचं ते रेषेच्या दिशेने. उन्हात ठेवायचं नाही, तडकतं. मी खुर्च्या उन्हात मांडल्या होत्या, तिने मला त्या परत सावलीत आणायला लावल्या. पाच दिवस वाळवल्या. मग पॉलिश पेपर आणि फडक्याने बेलतेल, म्हणजे लाकडाला लावायचं जवसाचं तेल, अगदी पातळ. मी भसाभस ओतलं, तर म्हणाली, "डोक्याला लावतोस काय?" शेवटी पायांचं. प्रत्येक पाय तेलाच्या वाटीत दिवसभर उभा ठेवायचा. जमिनीची ओल पायातूनच चढते, म्हणून पाय पोटभर तेल पितील असं बघायचं. घरातल्या वाट्या कमी का असतात ते मला तेव्हा कळलं.

तीन खुर्च्या सुधारल्या. रंग पहिला नाही, पण बसता येतं. चौथीचा मागचा उजवा पाय खालून मऊ झाला होता, नख रुतत होतं. ती मनोरमाची बसायची खुर्ची.

घोलवडचा लहान्या सुतार आला. त्याने पाय ठोकून पाहिला, म्हणाला, काका, नवीन बसवतो, तासाभराचं काम, चारी पाय एका लेव्हलला येतील.

"लेव्हलला नको," मी म्हटलं. "हा पाय जरा आखूड होता. ती बसली की खुर्ची मागे कलायची. एकदा सुतार आणला होता, तर तिने परत पाठवला. म्हणाली, मला अशीच बरी वाटते."

"मुद्दाम वाकडी करायची?" तो हसला. मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला. "करतो. किती आखूड ते सांगा."

मी पायाकडे पाहिलं. खालचं टोक भुसा होऊन गळालं होतं, माप घेण्यासारखं तिथे काही उरलं नव्हतं. सोनीबाईला विचारलं. ती म्हणाली, "मी खाली बसते, मला काय माहीत?"

अर्धा इंच असेल. पाऊणही असेल. मी त्या खुर्चीवर कधी बसलोच नव्हतो. ती रिकामी असली तरी मी दुसरी ओढून घ्यायचो.

लहान्याने सागाचा तुकडा कापून, रंधा मारून ठेवला आहे, बाकीच्या पायांपेक्षा दोन बोटं लांब. तुम्ही सांगाल तेवढा कापेन, म्हणाला. पाहुणे आले, तीन खुर्च्यांवर आळीपाळीने बसले आणि गेले. आता मार्गशीर्ष लागला. चौथ्या खुर्चीचा पाय अजून बसवायचा आहे.